विरुद्ध बाजूचं पत्र

४ मे १९८४, पौड

जिल्हा वकील मंडळाचा फॉर्म आला. जिल्ह्यातल्या मान्यवर वकिलांची यादी यंदा नव्याने छापणार. मागची यादी काढून आडनावं वाचत गेलो. सगळी पुण्याच्या चार पेठांतली. मुळशी तालुक्यातला एकही माणूस नाही, आमच्या बौद्धवस्तीतला असण्याचा तर प्रश्नच नाही. पिरंगुट-घोटावड्याकडे कारखाने आलेत, त्यांचे मॅनेजर वकील नेमताना हीच यादी उघडतात. आम्ही जन्मभर बांध आणि वाटांवरूनच भांडायचं.

नियम मात्र आवडला. पक्षकाराची शिफारस चालत नाही, मित्राची चालत नाही. तीन पत्रं हवीत, तिन्ही विरुद्ध बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांची, त्यातलं एक वीस वर्षं वकिली झालेल्याचं. मूळ प्रती, ३१ जुलैच्या आत. बरोबर आहे. कोण किती पाण्यात आहे ते समोरच्यालाच कळतं.

आबांना सांगायला नको होतं. पोराचं नाव छापणार म्हणून घोटावड्यात एव्हाना दवंडी पिटून झाली असेल.

९ मे

मुठे गावच्या सोनाबाईचे कागद लावले. तिच्या भातखाचरांकडे जाणारी गाडीवाट पुण्याच्या एका बंगलेवाल्याने तार ओढून बंद केलीय. जमीन त्याने विकत घेतली, वाट नव्हती घेतली. तहसीलदारांपुढे अर्ज आहे, २५ ला ते जागेवर येऊन पाहणी करणार. बंगलेवाल्याच्या रानातून बैलगाडीच्या चाकोऱ्या गेल्यात, वीतभर खोल, दगडसुद्धा झिजलेत. पाहणी झाली की काम झालं. फक्त पावसाच्या आत व्हायला हवी. एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

समोर देवकुळेसाहेब. पुण्याहून स्वतःच्या गाडीने येतात. बत्तीस वर्षं वकिली.

१५ मे

दोन पत्रं हातात आली. जाधव वकिलांनी "मनमिळाऊ" लिहिलंय, शेख वकिलांनी "सौम्य स्वभावाचे". जाधवांना मी तीनदा हरवलं, त्याबद्दल अवाक्षर नाही. वकील निवडताहेत की जावई? घरी बायकोला, शालूला वाचून दाखवलं. म्हणाली, सौम्य? त्यांनी तुम्हाला घरात बघितलेलं दिसत नाही.

तिसरं देवकुळ्यांकडे मागावं लागणार. इथे येणारा वीस वर्षांवरचा दुसरा आहे कोण.

२३ मे

कचेरीच्या व्हरांड्यात दे. भेटले. पत्राचं काढलं. लगेच हो म्हणाले, खांद्यावर हात ठेवला. तुमच्यासारखी मुलं वर यायला हवीत, वगैरे. मी एक्केचाळीसचा आहे. मग त्याच दमात, हात न काढता,

"ओव्हाळ, ती मुठ्याची पाहणी जरा पुढे घेऊ या. त्या आठवड्यात माझ्याकडे पाहुणे आहेत."

हरकत घ्यायची होती. ओठांवर आलं होतं. पण हात खांद्यावर होता, आणि आबा दिसायला लागले, आणि

त्यांच्या मुदतीच्या अर्जावर "हरकत नाही" लिहून सही केली. तारीख २८ जून पडली.

सोनाबाई बाहेर पायरीवर बसली होती. तिला सांगितलं, साहेबांना वेळ नाही. बरं, म्हणाली. कोणत्या साहेबांना, ते तिने विचारलं नाही.

२६ मे

दे. यांचा कारकून पत्र देऊन गेला. जाड कागद, वर छापील नाव. तारीख २३ मे. इथे उतरवून ठेवतो.

"श्री. ओव्हाळ हे अत्यंत समजूतदार वकील आहेत. मुदतीस ते आडकाठी करीत नाहीत. मुठे येथील वाटेच्या प्रकरणात पावसाळ्यापूर्वीची पाहणी त्यांनी माझ्या एका शब्दाखातर पुढे जाऊ दिली. त्यांच्याविरुद्ध काम करणे सुखाचे असते."

चार वेळा वाचलं. सुखाचे असते! म्हातारा टोमणा मारत नाहीये, खरोखर कौतुक करतोय. आता कळलं ही यादी कशी तयार होते ते. जो समोरच्याला त्रास देत नाही तो मान्यवर. जो देतो त्याला पत्र कोण लिहिणार? आणि मी हा नियम वाचून खूश झालो होतो.

फाडून टाकणार होतो. फाडलं नाही. फॉर्मला टाचणीने लावून कपाटात ठेवलं.

१८ जून

सोनाबाई आली. वळवाचे दोन पाऊस झाले आणि बंगलेवाल्याने भाड्याचा ट्रॅक्टर आणला.

"समदं रान उलथं केलंया. चाकोरी न्हाई, काय न्हाई. वर गवताचं बी टाकलंय."

तडक कचेरीत गेलो, तारीख अलीकडे घ्या म्हणून. शिरस्तेदार म्हणाला, मुदतीला तुमचीच सही आहे वकीलसाहेब. त्याने बोट ठेवून दाखवली. माझीच.

२८ जून

पाहणी. दे. गाडीत काच वर करून बसले, चिखलात उतरलेच नाहीत. तहसीलदारांनी छत्री धरून विचारलं, वाट कुठे आहे?

कुठे आहे. ढेकळं आणि कोवळं गवत. मी बोट दाखवत होतो आणि माझं मलाच हसू येईल असं ते दिसत होतं.

सोनाबाईने लुगडं खोचलं आणि चालायला लागली. घोटाभर चिखल. तारेपासून थेट तिच्या खाचराच्या बांधापर्यंत. मधे दोन ठिकाणी वळली. सरळ मोकळं रान समोर असताना वळली. तिथे पूर्वी मोठे धोंडे होते म्हणाली, गाडी त्यांना वळसा घालून जायची. धोंडेही ट्रॅक्टरवाल्याने काढून टाकलेत.

सर्कल इन्स्पेक्टरने पंचनाम्यात लिहिलं, वाटेची खूण दिसून येत नाही. ती कशी चालली ते लिहा म्हणालो. ते पंचनाम्यात बसत नाही म्हणाला. मी ओरडलो. सगळ्यांसमोर ओरडलो. सौम्य स्वभावाचे!

६ जुलै

अर्ज नामंजूर. कारण एकच, खूण नाही. जिन्यात दे. म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या वेळी. आणि पत्र दाखल केलंत ना? जिना उतरून आलो. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

१४ जुलै

मुठ्याला गेलो. लावणी चालू आहे. सोनाबाई आणि सून रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन ओढ्याकडून येतात, अर्ध्या कोसाचा वळसा. ओढ्याला कमरेएवढं पाणी. बैल येऊच शकत नाहीत, म्हणून एका खाचराची चिखलणीच झाली नाही. ते तसंच पडलंय.

सांगून टाकलं. वेळ नव्हता तो देवकुळेसाहेबांना, तहसीलदारांना नाही. मी सही दिली. मला त्यांचं पत्र हवं होतं.

तिने मुठी बांधावर उतरवल्या. शिव्या देईल असं वाटलं. द्यायला हव्या होत्या.

"ते झालं," म्हणाली. "आता वाट कवा देताय?"

एवढंच. परत वाकून लावणीला लागली.

२२ जुलै

तहसीलदारांच्या वर, प्रांतांकडे फेरतपासणीचा अर्ज करता येईल. पण चाकोऱ्या गेल्या. उरले शेजारचे तीन म्हातारे, त्यांची साक्ष नव्याने घ्या असं म्हणायचं तर आधी दाखवायला हवं की खूण असताना पाहणी का झाली नाही. कोणी टाळली, कोणाच्या शब्दावर, आणि समोरच्या वकिलाने का ऐकलं.

हे सगळं एका जाड कागदावर लिहिलेलं माझ्या कपाटात आहे. तारखेसकट.

नक्कल चालणार नाही. नकलेवर दे. म्हणतील, मी असलं काही लिहिलंच नाही. मूळ पत्रच लावावं लागेल. आणि सोबत माझं प्रतिज्ञापत्र, की मी पक्षकाराचं काम शिफारशीसाठी सोडलं. त्यानंतर यादी राहू दे, सनद राहिली तरी पुष्कळ.

शालूला सांगितलं. शाळेच्या पोरांची हातातली वही तपासून संपवली. मग म्हणाली, तुम्ही ठरवा, पण मला विचारून ठरवलं असं नंतर म्हणू नका.

२९ जुलै

आबा आले. नवं धोतर घेतलंय, यादीत नाव लागलं की समारंभ होईल म्हणून. उद्या फॉर्म द्यायला माझ्याबरोबर पुण्याला येणार. मंडळाचं कार्यालय बघायचंय त्यांना. "नाव कुटं लिवत्यात ते बघतो," म्हणाले. यादी भिंतीवर लिहीत नाहीत, छापतात, हे दोनदा सांगितलं. ऐकत नाहीत.

त्यांना अजून काही बोललो नाही. बोललो असतो, पण ते धोतराची घडी पुन्हा पुन्हा उलगडून दाखवत होते. चिडून अंगणात जाऊन उभा राहिलो.

३० जुलै, सकाळ

आबा अंघोळ करून तयार, एस.टी.ला अजून तास आहे. दोन्ही कागद टाइप होऊन समोर पडलेत. फॉर्मच्या खाली छापलंय, सोबत तीन पत्रे, मूळ प्रती. फेरतपासणी अर्जाच्या खाली मीच टाइप केलंय, सोबत श्री. देवकुळे यांचे पत्र, मूळ प्रत. मंडळ आणि प्रांत कचेरी, दोन्ही पुण्यातच.

दोन्हीवर सह्या केल्या. पत्र एकच आहे.