पहिल्या नकारामागं

नागपूर,
१८ जानेवारी २०२५

प्रिय धनू,

तुले आशीर्वाद आणि दुर्गेशरावांले नमस्कार. इकडं सगळे बरे आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तू पाठवलेली मिरची पोचली. आईनं ती गच्चीवर वाळवली, चक्कीवरून दळून आणली आणि "भिवापूरची आहे, पोरीनं पाठवली" म्हणत शेजारीपाजारी वाटत सुटली. काजलनं पाटवडीच्या रश्श्यात नेहमीच्या अंदाजानं घातली, तर आमच्या नाकातोंडातून धूर. आई डोळे पुसत पुसत जेवली. तिखटानं, म्हणाली.

मी फोन उचलत नाही म्हणून तू पत्र लिहिलं. त्यालेही उत्तर द्यायले इतका उशीर केला. कामाचा ताण होता हे खरं, पण ते कारण नाही. तरी आधी कामाचंच सांगतो, मले तिथूनच बोलता येते.

बुटीबोरीच्या एका कापड गिरणीच्या मागांवर आमच्या कंपनीची मशीन बसते. तिच्यातल्या कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा कारभारी असतो. कोणी फाईल उघडायले निघालं की त्याच्यापुढं जावं लागते. त्याच्याजवळ पहारेकरी बसवता येतात, त्यांले आम्ही सिक्युरिटी मॉड्यूल म्हणतो. पूर्वी मोठा पहारेकरी एकच बसायचा, आता ओळीनं दोन-तीन बसवता येतात. ते जोडायचं काम माझ्याकडं आहे. एक जुना होता, त्याच्यामागं मी नवा बसवला, त्याचे नियमही मीच लिहिले. रीत अशी की पहिल्यानं नाही म्हटलं की तिथंच खेळ खतम, मागच्याले कोणी विचारतच नाही. आणि दार उघडायचं तर सगळ्यांचा हो लागते.

आपल्या घरासारखंच आहे, नाही का वं? लग्न असो की माग विकायचा असो, मोठ्यापासून विचारत यायचं आणि एकजण नाही म्हटला की विषय बंद.

तर झालं असं, गिरणीतल्या माणसाले डिझाइनची फाईल उघडेना. नकार कोणाचा म्हणून पाहिलं तर दर वेळी जुन्याचंच नाव. सगळे त्याच्यावर चिडून होते, सगळ्यात जास्त मी. गेल्या सोमवारी त्याले काढूनच टाकलं. तरी फाईल उघडेना. आमच्याकडचा पियुष स्क्रीनकडं पाहून हसला.

"सर, आता नकार तुमचाच येऊन राहिला."

तो पहिल्यापासूनच होता, जुन्याच्या मागं दिसत नव्हता इतकंच. नियम दुरुस्त करायले काही वेळ लागला नाही. पण त्या दिवशी मी डबा तसाच भरलेला घरी आणला.

तू पत्रात लिहिलं आहे की बाबांनी शेवटपर्यंत तुले माफ केलं नाही, घरात एक दादाच तेवढा तुझ्याविरुद्ध नव्हता. आता बाबा नाहीत, तर त्यांच्या वर्षश्राद्धाले दोघं येऊ का, असं मले विचारलं.

धनू, तू दुर्गेशरावांचं नाव काढलं तेव्हा बाबा पहिल्याच दमात नाही म्हणाले. माझ्यापर्यंत प्रश्न आलाच नाही, आणि मले हायसं वाटलं. आला असता तर मीही नाहीच म्हटलं असतं. काजलच्या घरी माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं. बहीण जातीबाहेर गेली म्हणून ते मोडलं तर, याची मले धाकधूक. तू रडत माझ्याजवळ आली, मी डोक्यावरून हात फिरवला आणि तू समजली की दादा आपल्या बाजूनं आहे. मी तसं समजू दिलं.

आता थांबलो तर पुढचं कधीच लिहिणार नाही.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात बाबांनं मले जवळ बोलावलं. आई चहा घ्यायले खाली गेली होती.

"धनूले बोलावून घे गा," म्हणाले, "तुझी ना नसेल तर."

जन्मात पहिल्यांदा त्यांनं मले विचारलं. मी म्हटलं, पाहू बाबा, आधी बरे व्हा. ते बरे झाले नाहीत. माझ्या मनातला नकार तेव्हाही तसाच होता. तू आली असती, बापलेकीचं जुळलं असतं, मग उरलेला नकार कोणाचा हे साऱ्या घराले दिसलं असतं. बस, एवढ्यासाठी मी तुले फोन केला नाही. घाटावर तुम्ही दोघं लांब कडुलिंबाखाली उभे होते, तेव्हाही मी मान वर केली नाही.

बाबा तुझ्यावर रागावून गेले नाहीत, धनू. तुझं नाव घेत गेले. तुझ्या हक्काचं होतं ते मी वर्षभर दाबून ठेवलं, आणि सगळा दोष त्यांच्या माथी राहू दिला. मले माझीच लाज वाटते.

आईले काल सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलून नाही राहिली. सकाळी तुझ्या खोलीतली गादी तेवढी उन्हात टाकली.

श्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. आईचा हो आहे, काजलचा आहे, आता माझाही आहे. ओळीत तू शेवटची राहिली, आणि तुले तर या घरात कधी कोणी विचारलंच नाही. म्हणून विचारतो, येशील? हे वाचून नाही म्हणाली तर तोच शेवटचा शब्द. तुझी समजूत घालायले मी कोणाले पाठवणार नाही.

दादा असं लिहायची हिंमत होत नाही, म्हणून नुसताच,

पंकज