मंगळवारचा काळा झगा

मंगळवार, ३ मे १८१४

आजही तोंड उघडलं नाही. ट्रेविनबाई अजून शोकाच्या काळ्या झग्यातच! नवरा जाऊन दीड वर्ष झालं. आणि शोकातल्या बाईपुढे लग्नाचं काढायचं म्हणजे ते दार जन्माचं बंद करून घ्यायचं. समोर सर ऑगस्टस बसलेले— तेही झग्याचा रंग बदलायचीच वाट बघताहेत. केवढी जमीन, केवढा वाडा त्यांचा. मी जहाजावर अक्षरं गिरवलेला म्हातारा कप्तान. चहा संपवला आणि उठलो.

बुधवार, ४ मे

बहीण डॉर्कस म्हणते, "दादा, ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, किती दिवस? वादळाला नाही भ्यालास कधी."

वादळ नकार देत नाही, बये.

शुक्रवार, ६ मे

गल्लीतून येताना कुंपणापलीकडे सहज नजर गेली. ट्रेविनबाई वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होत्या— हिरव्या झग्यात! गुणगुणतही होत्या. त्यांनी मला पाहिलं नाही. मी चोरासारखा घरी.

म्हणजे शोक केव्हाच सरलाय. काळं फक्त आम्हा भेटायला येणाऱ्यांसाठी. मी विचारू नये म्हणून! जेवलो नाही.

मंगळवार, १० मे

पुन्हा काळंच. सर ऑगस्टस पुन्हा तिथेच. निघताना बाई दारापर्यंत आल्या, हळूच म्हणाल्या, "कॅप्टनसाहेब, तुम्ही मंगळवारीच का येता?"

म्हटलं, तुमचा भेटीचा दिवस तोच. रीत आहे.

"मंगळवारी सर ऑगस्टस येतात. म्हणून मी मंगळवारी काळं घालते."

मी टोपी घेऊन निघालो. डॉर्कसला सांगितलं, तर तिने कपाळावर हात मारून घेतला. "अजून काय पाटीवर लिहून देऊ का तिने?"

पण डॉर्कसचं चुकलं तर? आडवारी, एकट्याने, न बोलावता जायचं— गावाला हेतू कळणार. मग माघार नाही. नकार आला तर चर्चमध्ये तोंड कुठे लपवू?

बुधवार, ११ मे

जीव मुठीत धरून गेलो. दार त्यांनीच उघडलं. हिरवा झगा!

घोकलेलं सगळं विसरलो. एवढंच विचारलं, येत्या मंगळवारीही हाच घालाल का?

"घालीन," म्हणाल्या, "तुम्ही सर ऑगस्टसच्या आधी येऊन बसणार असाल तर."