मोटार खुशाल आहे

मुक्काम बारामती, वैशाख, सन १९५५

तीर्थरूप आबामामांस,

तुमचा एकुलता एक भाचा कुंडलिक याचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? कोल्हापूरची हवा मानवते का? मामींना आणि ताईला सांगा, इकडे सगळे खुशाल आहेत, तुमची मोटारही. तिचं नाव लगेच घेतलं ते एवढ्यासाठी की तुमच्या कानावर काहीबाही आलंच असेल. (माळेगावच्या माणसाला पत्र लिहायला कधी सवड नसते, पण चहाडी असली की तो तार करतो.) हे पत्र मी फेऱ्या मारत मारत लिहितोय, तेव्हा अक्षराकडे बघू नका. एका जागी बसवतच नाही.

तुम्ही जाताना बजावलं होतं, आठवड्यातून एकदा मळ्याभोवती चक्कर मार, नाहीतर बॅटरी उतरेल. मारली. फक्त मळा जरा मोठा धरला. पुण्याच्या कुठल्याशा मोटार क्लबाने बारामतीहून इंदापूरमार्गे नरसिंहपूरपर्यंत शर्यत ठेवली होती. वसंता (कोर्टातल्या कारकुनाचा वसंता, लग्न झालेला, दोन पोरांचा बाप, हे पुढे लागेल, ध्यानात ठेवा) म्हणाला, आबासाहेबांची गाडी दारात असताना आपण कडेला उभं राहून धुरळा खायचा, म्हणजे त्यांचाच अपमान. तुमचा अपमान मला कधी सहन झालाय?

लासुर्ण्यापर्यंत गाडी अशी पळाली की तुम्ही असता तर पाठ थोपटली असती (आधी ओरडला असता, ते सोडा). पुढे रस्त्यात म्हशी बसलेल्या. मी हॉर्न दाबला, म्हशींनी कान हलवले, आणि आम्ही पाण्याची चारी ओलांडून थेट केळीच्या बागेत. शिरलो त्या वाटेने परत फिरणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून बागेच्या दुसऱ्या बाजूने निघालो. तोवर रेडिएटर फुटला, पेट्रोलच्या टाकीला भोक पडलं, पुढच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा मोडला, एक मडगार्ड लोंबायला लागलं आणि केळीचे दोन खांब पानांसकट बंपरात असे रुतले की निघता निघेनात. तशीच रखडत गाडी निमगाव केतकीला आणली. तिथल्या किराणा दुकानाच्या फुलाबाईने वाफ बघितली आणि म्हणाली, "वाईच हळद टाका की आत. यष्टीवालं बी तेच करत्यात." वाईच म्हणजे किती, हे विचारायला सवड कुणाला होती? मी पुडाच ओतला. गळती थांबली, पण मधूनच उकळी फुटायची आणि पिवळंधमक पाणी आमच्या दोघांच्या अंगावर यायचं. मडगार्ड बांधायला दुकानात लाल खणाशिवाय कापड नव्हतं, तो घेतला. टाकीच्या भोकात चिंधी कोंबली आणि निघालो.

आता मामा, तुम्हीच सांगा. भर वैशाखात केळीचे खांब लावलेली, लाल खण बांधलेली, हळदीने माखलेल्या माणसांची मोटार वेशीत शिरली, तर इंदापूरकरांनी काय समजावं? तिथे आप्पासाहेब बागायतदारांच्या थोरल्या लेकीचं लग्न, आणि नवरदेव बारामतीहून मोटारीने येणार असा वरपक्षाचा निरोप. ताशे कडाडले. मी हात हलवून नाही नाही म्हणतोय, तर त्यांना वाटलं करवला नाचतोय. वसंताचं तोंड धुळीने आणि हळदीने असं झालं होतं की त्याच्या आईनेही ओळखलं नसतं. त्याला चौरंगावर बसवून आप्पासाहेबांनी स्वतः पाय धुवायला घेतले. तो बिचारा खरं सांगायला तोंड उघडायचा आणि बायका त्यात गूळ कोंबायच्या.

वरपक्षाची मोटार आपल्या दारात मोडकी उभी राहिली तर वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. "पाव्हण्यांची गाडी नीट झाल्याबिगर कुनी पंगतीला बसायचं न्हाय!" आप्पासाहेब गरजले. लोहार भाता घेऊनच आला. सुताराने मोडक्या पाट्याखाली बाभळीचा ठोकळा घालून कासऱ्याने आवळला. मडगार्ड चौघांनी ठोकून जागेवर बसवलं. आणि आप्पासाहेबांची धाकटी विनया जरीचं पातळ खोचून सरळ गाडीखाली सरकली, धुण्याचा साबण मळून तिने टाकीचं भोक बुजवलं आणि नाकावर काळं वंगण घेऊन बाहेर आली. मला म्हणाली, "मोटार हाकत हुता का नांगर?" मामा, वंगण पुसायला रुमाल पुढे करणं एवढंच जमलं. मला!

एवढ्यात खरा नवरदेव बैलगाडीतून आला. (त्याची मोटार कशालाही न धडकता नुसत्या उन्हाने बंद पडली होती.) आप्पासाहेबांचा हात काठीकडे गेला, वसंता चौरंगावरच रडकुंडीला आला. मग म्हातारा आमच्या गाडीकडे बघून जो हसत सुटला, तो आम्हाला जेवू घालूनच थांबला. नरसिंहपूरला पोचलो तेव्हा क्लबाचा तंबू उतरवत होते. नंबर खालून पहिला आला, पण गाडी तुमच्या अंगणात स्वतःच्या चाकांवर परत आली आहे.

जास्त काय लिहू? लिहिलंय तेच जास्त झालं.

तुमचा, अजून धडधाकट असलेला भाचा,
कुंडलिक

ता. क. : बाभळीचा ठोकळा मूळ पाट्यापेक्षा बरा चालतोय. बदलायचा का, ते कळवा.

आणखी ता. क. : खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. मला विनयाशी लग्न करायचं आहे. दुसरं काही सुचत नाही, जेवण जात नाही. वडिलांच्या जागी तुम्हीच आहात, तेव्हा गुडघा कसाही असो, बैठकीला इंदापूरला या. मात्र यष्टीने या. निघताना मी विषय काढला तेव्हा आप्पासाहेब म्हणाले होते, "एवढी मोडली तरी चालतीया! असली गाडी राखनारा मानूस संसार बी राखंल. तुमचीच न्हवं?" विनया तिथेच उभी होती. मी "व्हय" म्हणून बसलो, आणि त्या एका शब्दावर ते बैठकीला राजी झाले. तेव्हा दारात गाडी दिसली तर परक्यासारखं बघा, आणि हात जोडतो, तिच्या पाठीवरून हात फिरवू नका.

शेवटचं ता. क. : विनयाला सगळं ठाऊक आहे. गाडीच्या मागे तुम्ही हौसेने 'आबासाहेब, माळेगाव बुद्रुक' असं रंगवून घेतलंय, ते मी साफ विसरलो होतो. नरसिंहपूरला उतरून बघतो तर त्यावर ओला चिखल लिंपलेला, एक अक्षर दिसेल तर शपथ. निघताना गाडीच्या मागे एकटी तीच उभी होती. चिखलावर पाचही बोटं उमटली आहेत. गाडी मी अजून धुतलेली नाही.