उजवीकडून तिसरी

मंगळवार, २७ ऑगस्ट

बाबांनी आज मळ्याची किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "लीककडे तू बघ." एवढंच. मग चहात बिस्कीट बुडवलं आणि विरघळून तळाला जाईपर्यंत तसंच धरून बसले.

पन्नास वर्षांत बाबा मळ्यात गेले नाहीत असा दिवस नाही. खाणीत होते तेव्हा पाळी सुटली की आधी तिकडे, मग घरी. आईला पुरून आलो त्या दिवशी काळ्या कोटावर चिखल घेऊन जेवायला बसले होते. आणि आता लीकच्या शोला, म्हणजे गावच्या वार्षिक स्पर्धेला, साडेतीन आठवडे उरलेत, आणि किल्ली माझ्याकडे? मला तर कोथिंबीरसुद्धा खिडकीत जगवता येत नाही.

का, म्हणून विचारलं. "गुडघे," म्हणाले. तासाभराने तेच गुडघे घेऊन वरच्या मजल्यावर दोनदा जाऊन आले.

गुरुवार, २९ ऑगस्ट

गेले. रुळांपलीकडे चाळीस मळे, प्रत्येकाला एक झोपडीवजा शेड, प्रत्येक शेडमध्ये बायकोपासून लपलेला एक म्हातारा. आमचा सतरा नंबर.

कांद्याला गर्व चढला की त्याची लीक होते, असं माझं जुनं मत आहे. साध्या लीकचं सूप तरी होतं. या शोच्या लीक म्हणजे माझ्या मांडीएवढ्या जाड आणि टीचभर उंच. खायच्या नाहीत. धुवायच्या, पुसायच्या, काळ्या कापडावर जोडीने मांडायच्या आणि कुणाची किती घनइंच भरली यावरून वर्षभर एकमेकांशी बोलायचं नाही.

शो कमिटीचा सेक्रेटरी केनी डॉड्स कुंपणाशी आला. शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता, अजून मागूनच बोलतो.

"तू? खुरपं कुठल्या बाजूने धरायचं ठाऊक आहे का, लॉरेन?"

"तुझ्या दिशेने टोक करून."

"म्हातारा कुठाय? आता तर त्याला मोकळं रान. राल्फ गेला, म्हणजे पहिला नंबर घरपोच."

राल्फ टेलफर म्हणजे आमचा शेजारचा, अठरा नंबर. पंधरा दिवसांपूर्वी गेला. बाबा अंत्यविधीला गेले नाहीत. कुणालाच नवल वाटलं नाही, मलाही नाही.

रविवार, १ सप्टेंबर

बाबा खिडकीशी बसून असतात. जेवण अर्धं टाकतात. आज हॅम आणि वाटाण्याचं पिठलं केलं, आवडीचं, तर पावाने नुसतं सारवून ठेवलं. ऐंशी वर्षांचा माणूस असा बसला की उठत नाही, हे मी या गल्लीतच चार घरी पाहिलंय. म्हणून ठरवलंय: या लीक मी शोच्या टेबलावर नेणार. त्या बघायला तरी हा माणूस खुर्चीतून उठेल. दुसरा उपाय मला सुचत नाही.

संध्याकाळी त्यांनी पहिली सूचना दिली. "उजवीकडून तिसरी. तिची मान कलतेय. लोकरीच्या धाग्याने बांध. सुतळी नको, कापते."

सोमवार, २ सप्टेंबर

उजवीकडून तिसरी खांबासारखी सरळ उभी आहे. डावीकडून तिसरीही. सगळ्याच सरळ. बाबांना म्हटलं, बांधली. काय करणार.

गुरुवार, ५ सप्टेंबर

"पाणी निळ्या पिंपातलंच घाल. पावसाचं. नळाचं लागू देऊ नकोस."

आमच्याकडे निळं पिंप नाही. पत्र्याची टाकी आहे, गंजलेली, माझ्या जन्माआधीची. मी म्हटलं, "बाबा, निळं?" तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला मोतीबिंदू झालाय.

"घातलं का?"

"घातलं."

"किती राहिलं?"

"अर्धं," मी म्हटलं. ते मान हलवत राहिले, समाधानाने. मला रडू येत होतं.

शनिवार, ७ सप्टेंबर

आज: "पहिलीचं बाहेरचं पान कुजलं असेल, ते बुडाशी काप, ओढू नकोस." पहिलीचं एकही पान कुजलेलं नाही. माणसाने स्वतः लावलेली रोपं, जून महिन्यापासून रोज मोजलेली! आणि त्यातलं एकही लक्षण जुळत नाही. डोकं ठिकाणावर राहिलं नाही त्यांचं. लिहून टाकलं एकदाचं.

मंगळवार, १० सप्टेंबर

दवाखान्यातली नर्स घरी येऊन बाबांची स्मरणशक्ती तपासून गेली. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, काढलं. शंभरातून सात-सात वजा करा म्हणाली, तर दोनपर्यंत जाऊन विचारलं, "पुढे उणेत जाऊ का, बाई?" वार, तारीख, महिना चोख. निघताना ती म्हणाली, "तुमच्या बाबांपेक्षा मलाच दोनदा अडखळायला झालं."

मग? माणूस सात-सात वजा करतो आणि त्याला स्वतःच्या मळ्यातलं पिंप आठवत नाही? मला काहीच कळेनासं झालंय. आज मी त्यांना चहात साखरेऐवजी मीठ दिलं, आणि ते तळापर्यंत प्यायले. कोणाचं डोकं ठिकाणावर नाही तेच समजत नाही.

बुधवार, ११ सप्टेंबर

टोपी वाऱ्याने उडाली, कुंपणापलीकडे. अठरा नंबरमध्ये. एकतीस वर्षांत त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. टाकलं.

शेडच्या कोपऱ्यात निळं पिंप. चरात बारा लीक, जाळीखाली. उजवीकडून तिसरी मान टाकून पडलेली. पहिलीचं बाहेरचं पान कुजून काळं.

मी तिथेच चिखलात बसले.

घरी येऊन विचारलं, "बाबा, तुम्ही मला राल्फच्या लीक सांगत होतात?"

"मग कुणाच्या?"

"आपल्या!"

"आपल्यांना काय धाड भरलीय? त्या आपल्या आपण वाढतात. मग तू पंधरा दिवस पाणी कुणाला घातलंस?"

सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "लोकरीचा धागा शिलाईच्या डब्यात आहे. आत्ता जा."

गुरुवार, १२ सप्टेंबर

बांधली. पान कापलं. पाणी घातलं, निळ्या पिंपातलं. ते खरोखर अर्धंच होतं.

हे कसं समजायचं? राल्फशी आमचं कुत्र्यामांजराचं. १९९३ साली शोच्या तीन दिवस आधी कुणीतरी रात्रीतून त्याच्या लीक सुरीने चिरून टाकल्या. त्याने भर क्लबात बाबांकडे बोट दाखवलं. बाबा म्हणाले, मी नाही. मी तेव्हा बावीस वर्षांची, नुकतीच साप्ताहिकात लागलेली. त्यावर लेख लिहिला, कांदा न चिरताच रडणाऱ्या माणसाबद्दल. नाव नव्हतं घातलं, गरजही नव्हती. गाव पोट धरून हसलं. लोक राल्फला दुकानात रुमाल देऊ करायचे. त्या लेखावर मला सदर मिळालं, आजतागायत तेच खातेय.

आणि ज्या माणसाने बाबांवर असा आळ घेतला, त्याची एकेक लीक बाबांना तोंडपाठ. कुंपणावरून बघून बघून. माझ्या लेखणीला हे मन पेलणारं नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

"शोला जाऊ देत त्याच्या," बाबा म्हणाले. "त्याच्या नावाने."

केनीला फोन केला. "मेलेल्या सभासदाची एन्ट्री?" तो म्हणाला. मग बराच वेळ कागदांची सळसळ. "वर्गणी डिसेंबरपर्यंत भरलीय. सभासद जिवंत असावा असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. पण ऑड्रीची सही आण."

ऑड्री म्हणजे राल्फची बायको.

सोमवार, १६ सप्टेंबर

दार तिनेच उघडलं. खूप बारीक झालीय.

"ये. एकतीस वर्षं लागली ना दार वाजवायला?"

मी सगळं सांगितलं, पिंप, धागा, पान. ती ऐकत होती आणि टेबलावर नसलेले पावाचे कण गोळा करत होती.

"मॅटीने सांगितलं? मॅटीने?"

"हो, बाबांनीच. रोज विचारतात."

सही केली. दाराशी म्हणाली, "हे पेपरात लिहिणार नाहीस ना?"

नाही, म्हटलं. तशी हसली थोडी. "मग खरंच बदलली आहेस."

शुक्रवार, २० सप्टेंबर

आज उपटल्या. बाबा स्वतः आले! गुडघे, काठी, शिव्या, सगळ्यांसह. आधी अठरा नंबर. हात घालून मुळांभोवतीची माती अशी सैल केली, जसं झोपलेल्या बाळाखालून हात काढतात. आमच्या मला उपटायला सांगितल्या, आणि तिकडे बघितलंसुद्धा नाही. रात्री दोन ताटं जेवले.

शनिवार, २१ सप्टेंबर

पहिला: राल्फ टेलफर. दुसरे: बाबा. फरक दीड घनइंच.

क्लबात कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. बाबांनी वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी. कप घ्यायला ऑड्री पुढे गेली. परतताना बाबांसमोर थांबली, त्यांच्या बाहीवरचा मातीचा कण झटकला.

केनी मला म्हणाला, "बघ, असा माणूस. आणि राल्फ त्याला काय काय म्हणाला होता." माझी मान ताठ झाली. इतका अभिमान मला त्यांचा कधी वाटला नव्हता.

रविवार, २२ सप्टेंबर

नाश्त्याला बाबांनी दोन अंडी मागून घेतली. खाऊन झाल्यावर ताट सरकवलं आणि म्हणाले, "त्या वर्षी मीच चिरल्या होत्या, पोरी. त्या चांगल्या होत्या, माझ्यांपेक्षा."

मी ताट उचललं आणि धुवायला लागले.

"तुझा तो लेख मात्र," ते म्हणाले, "फार सुरेख होता. मीही हसलो होतो."