टोपली मध्ये की पुढे

३ जून, पोन

बदक मेलं! म्हणजे शेजारच्या तुकिरानची गाडी. आमच्या पाच वारांतला पोन बाजाराचा, आणि ऐन त्याच दिवशी, ऐन चढावर! मागे मी आडवी बसलेली, आमच्या दोघांच्या मध्ये तेंपेची, म्हणजे मी घरी आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची टोपली. उतरून गाडी बाजारापर्यंत ढकलत नेली. तेंपे मात्र सगळे खपले!

या छोट्या गिअरवाल्या गाडीला इथे सगळे बदकच म्हणतात. नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पोहता तर येत नाही.

४ जून, वागे

लेकीचा फोन. "आई, बास आता. शहरात ये, नातवंडांजवळ बस, टीव्ही बघ." टीव्ही! म्हणजे मी तेंपे विकत घेऊन खाऊ? म्हटलं, शेजारचे तुकिरान नवी गाडी घेतायत, बाजार सुटणार नाही. मागून नात ओरडली, "आजी, ऑटोमॅटिक घ्यायला सांग!" लेक म्हणाली, "लोक काय म्हणतील, एक विधुर, एक विधवा, दर बाजाराला एका गाडीवर!" म्हटलं, लोकांना सांग, मध्ये टोपली असते.

६ जून, लेगी

गाड्या बघून आलो. बाई, काय चकचकीत! दुकानातल्या मुलीने थंड चहा दिला, फारच गोड. तिची आई माझ्याच गावाकडची निघाली, मग काय, अर्धा तास त्यातच. तुकिरान बिचारे उभेच.

एक नवं बदक, निळं. लांब सीट, टोपली मध्ये पक्की बसते. उतारावर खालचा गिअर टाकला की गाडी आपोआप धरून ठेवते. दुसरी ऑटोमॅटिक, लाल. पाय ठेवायला पुढे सपाट जागा, टोपली तिथे मावते. सीट अशी मऊ की मी उठेचना! पण मग मध्ये काहीच नाही.

तुकिराननी मला दोन्हींवर दोनदा बसवलं. "पाय दुखतात का? पाठ?" त्या मुलीला वाटलं मी त्यांची बायको. "आजोबा, आजींना लालच शोभते हो!"

मी म्हटलं, "बदकच घ्या. उतारावर ऑटोमॅटिकचे ब्रेक तापतात."

"हळू चालवेन की."

"टोपली मध्येच बरी."

त्यांनी लाल गाडीच्या सीटवरून एकदा हात फिरवला. येताना बसमध्ये खिडकीबाहेरच बघत बसले. उन्हाने असेल.

८ जून, पोन

गाडी नाही, बाजार चुकला. तेंपे फार आंबले. मीही.

९ जून, वागे

हसून हसून पोट दुखतंय! गाडी घ्यायची तर दिवस चांगला हवा. तो आळीतले सोमो आजोबा जन्मवारांची बेरीज करून काढून देतात. घर, पेरणी, लग्न, सगळं तेच बघतात. तुकिराननी परवा माझा जन्मवार विचारला. म्हटलं, माझा कशाला? तर म्हणे, "बसणार दोघं, तर वार दोघांचे."

आज सोमो आजोबा दारात. मला हाक मारली, आवाज असा की पार विहिरीवर ऐकू जावा. "वागियेम! बेरीज उत्तम आली. पुढच्या महिन्यात उरकून टाका. दोन कोंबडे पुरतील!"

"गाडीला कोंबडे?"

"गाडी कसली? तुझं नि तुकिरानचं लग्न!"

अख्खी आळी हसली. समोरची म्हणाली, "अगं, मग टोपली कुठे बसणार?" म्हातारपणी ऐकण्यात घोळ होतो, बिचारे आजोबा. मी त्यांना तळलेली केळी दिली. तुकिरान कुंपणापाशी उभे होते. तेवढे मात्र हसले नाहीत. चपलेकडे बघत राहिले.

१० जून, क्लिवोन

सकाळीच तुकिरान आले. बसले नाहीत.

"आजोबांचं काही चुकलं नाही. गाडीबद्दल मी त्यांना विचारलंच नव्हतं."

मी तेंपेसाठी भिजवलेलं सोयाबीन पाण्यात चोळत होते. चोळतच राहिले. सालं सगळी वर तरंगून आली, तरी चोळतेच आहे!

मग म्हटलं, "लाल घ्या. टोपली पुढे ठेवू."