सईच्या कोचसमोर

शनिवार, संध्याकाळ. कॅरी, अमेरिका.

अजून कान गरम आहेत. सईच्या सॉकर मॅचला मी कडेवरून ओरडलो, "पाडून टाक तिला!" मराठीत, म्हणजे कुणाला कळणार नाही. पण सईला कळलं, आणि तिने तसंच केलं. समोरची मुलगी घोटा धरून रडायला लागली.

सईचे कोच इंग्लंडमध्ये प्रोफेशनल डिफेंडर होते, आडदांड टॅकलसाठीच गाजलेले. वाटलं, खूश होतील. ते लंगडत माझ्याजवळ आले.

"माझ्या अशाच एका टॅकलने एका पोराचं करिअर संपलं," ते हळूच म्हणाले. "लोक टाळ्या वाजवत होते. आज तुम्ही ओरडलात, तसेच."

मी सॉरी म्हणालो. तेही त्यांनाच! त्या मुलीकडे जायचं सुचलंच कसं नाही?

सई मात्र गेली होती, त्या मुलीच्या घोट्यावर बर्फ धरून बसली होती.

गाडीत म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट कम नेक्स्ट वीक."

"बरं," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?