तुम्ही चाचांना काय विचारलं होतंत

अब्बा, त्या दिवशी गॅरेजमध्ये तुम्ही चाचांना काय विचारलं होतंत, ते मला गेल्या आठवड्यात कळलं. तेव्हापासून मी धड जेवलेले नाही. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातात तसाच राहतो आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. गेलेला माणूस आता नवीन काही करू शकत नाही, अशा समजुतीत मी होते. तुम्ही केलंत.

हे कसं झालं ते आधी सांगते, कारण माझं पुढचं आयुष्य तुम्हाला माहीतच नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी डी.एड.ला होते. नंतर वडवणीच्या बाजूला एका खेड्यात झेडपीच्या शाळेवर लागले, तिथं मराठी शिकवते. उर्दू तुम्ही मला शिकवणार होतात, ती राहून गेली, म्हणून तुम्हालाही मराठीतच लिहितेय. माझ्या वर्गात एक ऐकू न येणारी मुलगी आली. तिच्याशी काय बोलावं कळेना, म्हणून सुट्ट्यांमध्ये खुणांच्या भाषेचा कोर्स केला. मला वाटलं होतं, त्यात काय शिकायचं, चाचांशी लहानपणापासून हातानंच तर बोलतोय आपण. पहिल्याच दिवशी नाक खाली झालं. मला येत होतं ते फक्त आपल्या घरातलं. देशभर शिकवतात ती भाषाच निराळी, तिला तिचं व्याकरण, तिच्या परीक्षा, तिचे शिक्षक. आणि ते शिक्षक इतके थोडे, की आमचे सर म्हणायचे, जागा आहेत, माणसं नाहीत. मराठीच्या मास्तरीण बाईला कोण विचारतं, अशा हिशेबानं मी इतकी वर्षं काढली होती. आणि इथं एक अख्खं शेत पडीक होतं, कुणी तरी नांगर घेऊन येईल याची वाट बघत. कोर्स संपता संपता पुण्याच्या एका संस्थेत संशोधनाची संधी निघाली. ज्यांनी कधी शाळा पाहिली नाही, अशा बहिऱ्या माणसांनी घरच्या घरी तयार केलेल्या खुणा गोळा करायच्या, आणि त्यातून भाषा कशी शिकली जाते, कशी शिकवावी, याचा अभ्यास करायचा. मुलाखतीत त्यांनी विचारलं, हे काम तुम्हालाच का करायचंय? मी चाचांची गोष्ट सांगितली. म्हटलं, माझ्या चाचांना बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची नोकरी चालून आली होती, पण भावाला सोडून जायला त्यांनी नकार दिला. समोरच्या एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. माझी निवड झाली, शाळा सांभाळून करायच्या कामासाठी. म्हणजे बघा, माझ्या या नव्या कामाचा पायाच तो चाचांचा नकार.

तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. परळीच्या स्टेशनामागचं आपलं गॅरेज, उभ्या गाड्यांच्या सीटवर थर्मल वीजकेंद्राची राख बसलेली, आणि मी घरून चहाची किटली घेऊन आलेली. देवदर्शनाला आलेल्या एका गुरुजींची स्कूटर बंद पडलीय. चाचा इंजिन उघडून बसलेत. गुरुजी त्यांच्याकडे बघता बघता एकदम हातवारे करायला लागतात, आणि चाचा पाना तसाच धरून त्यांच्या हातांकडे बघत राहतात. गुरुजींच्या खुणा निराळ्या, चाचांच्या निराळ्या, दोघांना एकमेकांचं काही कळत नाही, पण दोघं हसतायत. मग गुरुजी तुमच्याकडे वळतात.

"मी मूकबधिर शाळेत शिकवतो, भाई. आमच्याकडं लहान पोरं लई हायत. पण मोठा झालेला बहिरा माणूस त्यांनी कधी बघितलेलाच न्हाई. एक पोरगं मला इचारत होतं, मोठं झाल्यावर मला ऐकू येईल का म्हणून. ह्यांना द्या आमच्याकडं. पोरांना काम शिकवतील, पोरांशी बोलतील. पोरं त्यांची भाषा शिकतील, ते पोरांची."

"थांबा, इचारतो त्याला," तुम्ही म्हणता.

तुमची पाठ माझ्याकडे आहे. तुमचे खांदे हलतात, हात मला दिसत नाहीत. तुमच्यापलीकडे चाचांचं तोंड दिसतं. ते मान हलवतात, नाही.

"न्हाई म्हणतोय, सर."

"परत एकदा इचारा की. पगार हाय म्हणावं, ऱ्हायला खोली हाय."

तुमचे खांदे पुन्हा हलतात. चाचा या वेळी जरा जोरातच मान हलवतात.

"न्हाईच म्हणतोय. त्याला हितंच करमतं."

गुरुजी चहा पितात, स्कूटर दुरुस्त झाल्यावर चाचांकडे एकदा बघून निघून जातात. त्या दिवशी मला चाचांचा आणि तुमचा इतका अभिमान वाटला होता म्हणून सांगू! राम-लक्ष्मणाची जोडी म्हणायचे लोक तुम्हाला, गॅरेजच्या पाटीवर आपलं नाव असूनही. ते काही खोटं नव्हतं. आजीला जे जमलं नाही ते तुम्हाला जमलं होतं. चाचांशी बोलायचं कसं, हे घरात सगळ्यांत आधी तुम्ही शोधून काढलंत. अम्मी स्वयंपाकघरातून लसणाची पाकळी फेकून चाचांना हाक मारायची, ती युक्तीही तुमचीच. बाजारात कुणी चाचांना 'मुक्या' म्हटलं की तुम्ही "नाव हाय बे त्याला" म्हणून अंगावर जायचात. आणि एकदा मी जेवताना चाचांच्या पाठीमागं त्यांची नक्कल केली, तेव्हा तुम्ही ताट बाजूला सारून मला उठवलंत. "त्याच्या पाठीमागं काही करायचं नाही. त्याला दिसेल असंच बोलायचं." ते मी आयुष्यभर पाळलं. माझ्या वर्गातल्या त्या मुलीसमोरही मी फळ्याकडे तोंड करून बोलत नाही.

आता गेल्या आठवड्याचं. पुण्याहून माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी परळीला आली. ती स्वतः जन्मापासून बहिरी आहे, खुणांची भाषा शिकवते, आणि इतकी तेज आहे की तिच्यासमोर मी पहिलीतली पोर वाटते. पहिले काही दिवस ती नुसती चाचांबरोबर गॅरेजमध्ये बसली. पाना दाखव, पाणी आण, राख उडाली, थर्मलची चिमणी, रेल्वे. मग दोघांची गाडी अशी धावायला लागली की मलाच मध्ये मध्ये थांबवून विचारावं लागायचं. चाचा इतकं बोलतात हे मला माहीत नव्हतं, अब्बा. आपण त्यांना काय विचारायचो? जेवलात का, झोपलात का, गिऱ्हाईक किती वाजता येणार. तिनं त्यांना विचारलं, तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं की घराबाहेरही कुणी हातानं बोलतं? हा प्रश्न ती प्रत्येकाला विचारते, तिच्या अभ्यासाचाच भाग आहे तो. आपल्या घरात तो कुणाला सुचणंही शक्य नव्हतं.

चाचांचा चेहरा एकदम उजळला. ते सांगायला लागले. एक माणूस आला. स्कूटर बंद. तो हातानं बोलला. मला काही कळलं नाही, पण बोलला! मला वाटलं, दुनियेत आणखी आहेत. मग त्यांनी तुमची खूण केली, खांद्यावर हात ठेवायची, आणि पुढं सांगितलं. भावानं मला विचारलं. असं म्हणून त्यांनी दोन्ही मुठी हँडलसारख्या पिळल्या आणि तळवे एकमेकांवर झटकले. गाडी झाली का? मी म्हटलं, नाही. त्यानं परत विचारलं, गाडी झाली का? मला राग आला. समोर इंजिन उघडं दिसतंय, तरी परत काय विचारतो? म्हटलं, नाही झाली! नंतर गाडी झाली, तो माणूस गेला. परत कधी आलाच नाही.

अब्बा, माझ्याकडे त्या दिवसाचे तुमचे शब्द होते, चाचांकडे तुमचे हात. इतकी वर्षं आम्ही एकाच घरात राहिलो, एका ताटात जेवलो, आणि हे दोन्ही कधी एकत्र आलं नाही. आलं ते कॅमेरा सुरू असताना, एका परक्या मुलीसमोर. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, नंतर सांगते.

चाचा थांबले नव्हते. त्यांनी आपले तळहात पुढं केले आणि त्यांच्यावर बोट फिरवलं. माझे हात काळे होते, ग्रीसचे. म्हणून तो मला सोबत न घेता गेला असेल. मग मला विचारलं, तू चहा घेऊन आली होतीस ना? का गेला तो? आपण सगळे चाचांना हसायचो, आठवतं? कुणी नवीन माणूस आला की ते आधी रॉकेलनं, मग साबणानं हात घासून येतात, आणि अम्मी म्हणते, नवरदेव तयार होतोय. ते हात घासणं त्या दिवसापासूनचं आहे.

मी चाचांना सांगितलं, मी लहान होते, आठवत नाही.

घरी येऊन अम्मीला सगळं सांगितलं आणि विचारलं, तुला माहीत होतं? मला वाटलं होतं ती हादरेल. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मेरेकू तो उसीच दिन बोले थे उनो."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"क्या बोलती? तेरे चाचा चले गए रहते तो तेरे अब्बा जीते थे क्या? अब मरे सो आदमी का नाम खराब नको कर. हर जुम्मे कू जाते ना उनो तेरे अब्बा की कबर पे? वो भी बंद कराती क्या?"

मला इतका संताप आला की मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले. तुम्ही का केलंत? गॅरेज चाचांच्या हातांवर चालायचं म्हणून? की त्यांच्याशिवाय तुम्हाला करमलं नसतं म्हणून? पहिलं असेल तर तुम्ही माझ्या मनातून उतरलात. दुसरं असेल तरी तुम्ही त्यांना विचारायला हवं होतं, अब्बा. रडून विचारायचं, हात धरून विचारायचं, जाऊ नकोस म्हणायचं. कदाचित ते राहिलेही असते. तो नकार मग त्यांचा स्वतःचा झाला असता. तुम्ही दुनियेतले एकमेव होतात ज्यांच्यावर ते डोळे मिटून भरवसा ठेवायचे, आणि तुम्ही तोच वापरलात. आमच्या कोर्समध्ये पहिला नियम शिकवतात, समोरचा जे म्हणाला तेच पोचवायचं, पदरचं काही नाही. ते शिकताना मला दरवेळी तुम्ही आठवायचात. वाटायचं, अब्बांना कुणी न शिकवता येत होतं हे.

परवा पुण्याहून फोन आला. चाचांचं चित्रीकरण बघून संस्थेनं त्यांना बोलावलंय. काही महिने तिथं राहायचं, नवीन शिक्षकांना स्वतःच्या खुणा दाखवायच्या, त्यांच्या शिकायच्या, शिवाय बहिऱ्या मुलांच्या वर्गात जाऊन बसायचं. मानधन, राहणं, जेवण सगळं. चाचांना विचारायचं काम माझ्यावर आलं. मी दोनदा हात वर करून खाली घेतले, तेव्हा त्यांनी ते आपल्या हातात धरले. मग मी विचारलं, एक एक गोष्ट, काहीही न गाळता. ही नोकरी आहे. शिकवायची. लांब आहे. मी सोबत नसेन. माझं संपायच्या आतच त्यांनी हो म्हटलं. या वयात, पांढऱ्या दाढीत, असं हो म्हणाले की मला तिथंच रडू फुटलं. त्यांना वाटलं, ते जाणार म्हणून मी रडतेय. माझ्या डोक्यावर टपली मारून हसले.

उद्या सकाळी निघायचंय. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तुमच्या पत्त्यावर टपाल जात नाही. आणि ज्यांना हे खरं तर सांगायला हवं, त्यांना वाचता येत नाही. त्यांना हातानं सांगावं लागेल, आणि हात उचलत नाहीत. सांगितलं तर उद्या ते मनात तुम्हाला न घेता जातील. नाही सांगितलं तर पुण्यातही हात घासत बसतील, की हा माणूस तरी मला ठेवून घेईल ना. यातलं जास्त वाईट कुठलं, ते मला कळत नाही, आणि विचारावं असे घरात एक तुम्हीच होतात.

दुपारची वेळ आहे. चाचा माझ्यासमोरच खाटेवर बसून बॅग भरतायत. मघाशी त्यांनी मला हात करून बघायला लावलं, तुमची खूण केली, आणि विचारलं, तो असता तर खूश झाला असता ना? मी मान हलवली, हो. मग त्यांनी या कागदांकडे बोट दाखवलं. केव्हापासून काय लिहितेस एवढं?

मी हातानं सांगितलं, शाळेचं काम आहे. त्यांनी बरं म्हटलं आणि शर्टाची घडी घालायला लागले.